उसनी कूस, आपले मूल : सरोगसीचा मार्ग स्वीकारण्यापूर्वी

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील अपत्यप्राप्तीच्या प्रतीक्षेत असलेल्या दांपत्यांसाठी योजलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ.)



विवाहाला चार-पाच वर्षे उलटली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्याकडे कुजबुज सुरू होते. ती कुजबुज बहुधा सुनेभोवतीच फिरते. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीला नवस बोलले जातात, महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत देवापुढे ओटी पसरली जाते. श्रद्धेने मनाला बळ येते. परंतु त्याच घरात पतीची एक साधी तपासणी मात्र वर्षानुवर्षे होत नाही. सुनेला ‘वांझ’ म्हणून हिणविणे, हळदीकुंकवाला न बोलावणे, मुलाच्या दुसऱ्या लग्नाची भाषा करणे हे सारे त्या न झालेल्या तपासणीच्या आधीच घडून जाते. अशा कोंडीत सापडलेल्या दांपत्याच्या कानी ‘सरोगसी’ हा शब्द पडला, तर त्याला तो अंधारातला दिवा वाटावा यात नवल नाही. म्हणूनच या मार्गाची नीट ओळख करून घेणे आवश्यक ठरते.

एका मातेचा गर्भ दुसऱ्या मातेच्या कुशीत वाढल्याची कथा आपल्या परंपरेला अपरिचित नाही. देवकीचा सातवा गर्भ योगमायेने रोहिणीच्या उदरी नेला आणि बलराम ‘संकर्षण’ म्हणून ओळखला गेला. ती दैवी योजना होती. आज हेच कार्य प्रयोगशाळेत, वैद्यकाच्या हातून आणि कायद्याच्या चौकटीत होते. त्यात किमान तीन जीव गुंतलेले असतात : मूल हवे असलेले दांपत्य, गर्भ वाढविणारी माता आणि जन्माला येणारे बाळ. यांपैकी एकाचेही हित नजरेआड झाले, तर आनंदाचा सोहळा दुःखाचे कारण होऊ शकतो.

खरोखर गरज आहे काय?

पहिला प्रश्न हाच असावा. वंध्यत्वाचे कारण स्त्रीत असते, पुरुषात असते, कित्येकदा दोघांतही असते. पुरुषाच्या वीर्याची तपासणी ही सर्वांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित तपासणी आहे. ती सर्वांत शेवटी होते हे आपल्या समाजाचे दुर्दैव होय.

स्त्रियांच्या बाबतीत या भागाने साऱ्या जगाला एक धडा दिला आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. त्यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटातील दुखणे, पाळीच्या तक्रारी हे सारे ‘बाईच्या जातीला असायचेच’ म्हणून सोसले जात होते. असाच उपचाराविना राहिलेला जंतुसंसर्ग पुढे गर्भनलिका बंद करतो. जननेंद्रियांचा क्षयरोग तर कोणतेही ठळक लक्षण न दाखविता गर्भनलिका आणि गर्भाशयाचे अस्तर दोन्ही निकामी करू शकतो. वेळेवर निदान झाले, तर यातील कित्येकींना पुढच्या खर्चिक उपचारांची गरजच पडणार नाही.

गर्भनलिका बंद असली, तरीही सरोगसीची आवश्यकता नसते. शरीराबाहेर फलन घडवून तो गर्भ त्याच स्त्रीच्या गर्भाशयात ठेवता येतो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून जन्मलेली बालिका याच तंत्राचे फळ होती. त्याआधी ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी हा मार्ग दाखविला होता. सरोगसीचा विचार त्याच्या पुढच्या पायरीवर येतो. गर्भाशय जन्मतःच नसणे, कर्करोगासारख्या कारणाने ते काढावे लागणे किंवा गर्भ धरण्यास ते असमर्थ असणे. टेस्ट ट्यूब पद्धतीचे प्रयत्न वारंवार फसणे. कारण न समजता पुनःपुन्हा गर्भपात होणे. आणि गर्भारपण स्त्रीच्या जिवावर बेतेल असा आजार असणे, ही कारणे नियमांनी मान्य केली आहेत. नोकरीतील अडचण, बाळंतपणाची भीती किंवा शरीराचा बांधा बिघडण्याची चिंता यांसाठी हा मार्ग खुला नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवली पाहिजे. दुसऱ्या स्त्रीचे गर्भाशय तरुण असले, म्हणून पत्नीचे बीज तरुण होत नाही. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता दोन्ही घटत जातात. म्हणून ‘शेवटी सरोगसी आहेच’ अशा भरवशावर वर्षे घालविणे धोक्याचे ठरते. शिवाय प्रत्येक गर्भरोपण यशस्वी होतेच असे नाही. अपयश पचविण्याची तयारी पहिल्या दिवसापासून पतिपत्नी दोघांनीही ठेवावी लागते.

बाजाराकडून कायद्याकडे

या शतकाच्या पहिल्या दशकात भारत हा सरोगसीचा मोठा बाजार बनला होता. गुजरातमधील आणंद हे त्याचे प्रमुख केंद्र ठरले. २००८ साली एका जपानी दांपत्यासाठी आणंदमध्ये गर्भ वाढविला जात होता. बाळ जन्मण्यापूर्वीच त्या दांपत्याचा घटस्फोट झाला. जुलै महिन्यात जन्मलेल्या बालिकेची आई कोण, तिचे नागरिकत्व कोणते, ती कोणाच्या स्वाधीन करावी, हे प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच वर्षी एका जर्मन दांपत्याच्या जुळ्यांचा प्रश्न गुजरात उच्च न्यायालयापुढे आला. ऑगस्ट २००९ मध्ये विधी आयोगाने आपल्या २२८ व्या अहवालात कायद्याची निकड स्पष्ट शब्दांत मांडली.

विदर्भातील वाचक-प्रेक्षकांना हा विषय ‘मला आई व्हायचंय’ या चित्रपटातून भिडला. व्यवसायाने वकील असलेल्या समृद्धी पोरे यांच्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ साली तो प्रदर्शित झाला. परदेशी दांपत्यासाठी गर्भ वाढविणारी विदर्भातील यशोदा, बाळात व्यंग असल्याच्या शंकेने पाठ फिरविणारे पालक आणि पुढे त्याच मुलावर सांगितला जाणारा हक्क, ही त्याची कथा. याच पोरे यांनी २०१४ साली हेमलकशाच्या डॉ. प्रकाश आमटे यांच्या जीवनावर चित्रपट केला. यशोदेची कथा कल्पित असली, तरी तिने विचारलेला प्रश्न खरा होता : नऊ महिने पोटात वाढविणारी स्त्री ही केवळ भाड्याने घेतलेली जागा आहे काय?

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिले. परदेशी नागरिकांसाठी भारतातील सरोगसी २०१५ साली बंद करण्यात आली. पुढे सरोगसी (नियमन) कायदा, २०२१ संमत होऊन २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. मोबदला घेऊन गर्भ वाढविण्याची प्रथा त्याने संपुष्टात आणली.

कायदा काय सांगतो?

आज केवळ परोपकारी सरोगसीला अनुमती आहे. गर्भधारक मातेचा वैद्यकीय खर्च, नियमांनी ठरविलेला अन्य खर्च आणि तिचा विमा एवढेच दांपत्याने करावयाचे; त्यापलीकडे पैसा, दागिना, शेती, नोकरीचे आमिष असे काहीही देणे गुन्हा ठरू शकते. मोबदला देऊन हा मार्ग धरणाऱ्या दांपत्यालाही पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मध्यस्थ, दवाखाने आणि जाहिरात करणारे यांना तर दहा वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. ‘सगळे आम्ही सांभाळून घेतो, तुम्ही फक्त रक्कम सांगा’ असे म्हणणारा मध्यस्थ दांपत्याला मूल मिळवून देण्यापूर्वीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू शकतो.

विवाहित दांपत्यात पत्नीचे वय २३ ते ५० आणि पतीचे २६ ते ५५ वर्षे असावे लागते. हयात अपत्य असता कामा नये. अपत्यास गंभीर अपंगत्व किंवा जिवावरचा असाध्य आजार असल्यास अपवाद आहे. विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीलाही ३५ ते ४५ या वयात हा मार्ग खुला आहे. कायदा लागू होण्यापूर्वीच ज्यांनी गर्भ गोठवून प्रक्रिया आरंभिली होती, त्यांना ही वयोमर्यादा लागू होणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केले.

गर्भधारक माता विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली, स्वतःचे मूल असलेली आणि २५ ते ३५ वयाची असावी लागते. आयुष्यात एकदाच ती हे करू शकते. रोपणाचे प्रयत्न तीनहून अधिक नाहीत. ती जवळची नातलगच असली पाहिजे, असा समज सर्वत्र आढळतो. आधीच्या विधेयकात तशी अट होती. संमत कायद्यात ‘स्वेच्छेने तयार असलेली स्त्री’ असे शब्द आहेत. तिचे स्वतःचे बीज मात्र वापरता येत नाही. बीज दांपत्याचेच असावे हा नियम. परंतु दोघांपैकी एकाला वैद्यकीय अडचण असल्याचे जिल्हा वैद्यकीय मंडळाने प्रमाणित केल्यास त्या एकाऐवजी दात्याचे बीज घेण्याची मुभा फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने मिळाली आहे.

कागदपत्रांचा क्रमही समजून घ्यावा. जिल्हा आरोग्य यंत्रणेतील वरिष्ठ अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील वैद्यकीय मंडळ सरोगसीची वैद्यकीय गरज प्रमाणित करते. त्यात स्त्रीरोग व बालरोग तज्ज्ञ असतात. नंतर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या किंवा वरच्या न्यायालयाकडून बाळाचे पालकत्व व ताबा यांविषयीचा आदेश घ्यावा लागतो; बाळाच्या जन्माचा आधार हाच आदेश असतो. गर्भधारक मातेसाठी ३६ महिन्यांचा विमा काढावा लागतो. या सर्वांनंतर सक्षम प्राधिकारी दांपत्याला आणि त्या मातेला स्वतंत्र प्रमाणपत्रे देतो. दवाखाना याच कायद्याखाली नोंदणीकृत आहे की नाही, हे दांपत्याने स्वतः पाहावे. मुलगाच हवा म्हणून गर्भाची निवड करणे येथेही तितकाच मोठा गुन्हा आहे, हे सांगण्याची वेळ येऊ नये. पण ती येते.

जिच्या कुशीत बाळ वाढते ती

या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात सर्वाधिक विचार हिचाच झाला पाहिजे. गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत सुमारे ३८ टक्के वनवासी बांधव आहेत. वर्षातील मोठी रोकड तेंदूपत्त्याच्या काही आठवड्यांच्या हंगामात येते. एरवी मोह, धान आणि मजुरी. अशा घरातील एखादी भगिनी ‘स्वेच्छेने’ तयार आहे असे सांगितले जाते, तेव्हा ती इच्छा तिची आहे की तिच्या नवऱ्याची, कर्जाची किंवा मध्यस्थाची, हे दांपत्याने स्वतःच्या सदसद्विवेकाला विचारावे. व्यावसायिक सरोगसीच्या प्रकरणात स्त्रीवर पतीने, दांपत्याने किंवा नातलगांनी बळजबरी केली असे कायदा गृहीतच धरतो. तसे नव्हते हे त्यांना सिद्ध करावे लागते.

तिची संमती तिला समजणाऱ्या भाषेत, लेखी आणि सर्व धोके समजावून घेतलेली असावी लागते. येथे ही अट फार मोलाची आहे. भामरागडची भगिनी माडिया बोलते, कोरचीकडची गोंडी किंवा छत्तीसगढी, सिरोंच्याची तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याकडील काही वस्त्यांत बंगाली. इंग्रजी कागदावर उठविलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. गर्भरोपण होईपर्यंत तिला माघार घेण्याचा पूर्ण अधिकार आहे. गर्भपाताचा निर्णयही तिच्या संमतीशिवाय कोणालाही घेता येत नाही.

आरोग्याचा विषय याहून गंभीर आहे. गर्भारपण म्हणजे रक्तदाब, झटके, मधुमेह, रक्तस्राव आणि शस्त्रक्रिया यांचा धोका. दुसऱ्याच्या बीजाचा गर्भ वाढविताना रक्तदाबाचा धोका काहीसा अधिकच असतो. त्यात या भागाचे स्वतःचे प्रश्न आहेत. मलेरियाचा सर्वाधिक भार वाहणाऱ्या राज्यातील जिल्ह्यांत गडचिरोली अग्रभागी राहिला आहे, आणि गर्भवतीचा मलेरिया माता व बाळ दोघांच्याही जिवावर उठतो. रक्तक्षय घरोघरी आहे. खर्रा आणि तंबाखूचे व्यसन स्त्रियांतही आहे. त्याने बाळाचे वजन घटते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. चंद्रपूरला २०१५ पासून आणि गडचिरोलीला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे ही जमेची बाजू. तरीही या उपचारांसाठी बहुतेकांची नजर नागपूरकडे असते आणि चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. म्हणून शेवटचे तीन-चार महिने ती माता मोठ्या रुग्णालयाच्या जवळ कशी राहील, तिच्या मुलांकडे त्या काळात कोण पाहील, हे रोपणापूर्वीच ठरले पाहिजे. बहुधा एकच गर्भ ठेवावा, असा नियम आहे. ‘जुळे झाले तर दोन्ही कामे एकदम’ असा हट्ट धरणे म्हणजे तिचा जीव पणाला लावणे होय.

सिकलसेलविषयी स्वतंत्र सांगितले पाहिजे, कारण पूर्व विदर्भात हा आजार खोलवर रुजलेला आहे. येथे गैरसमज असा, की गर्भ वाढविणाऱ्या मातेचा सिकलसेल बाळाला लागतो. तसे नाही. बाळाचे गुणसूत्र ज्यांच्या बीजापासून येतात त्यांचाच वारसा त्याला मिळतो. पतिपत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मग ते कोणाच्याही कुशीत वाढो. म्हणून तपासणी प्रथम दांपत्याची व्हावी. गर्भधारक मातेचीही व्हावी, पण ती तिच्यासाठी. सिकलसेलग्रस्त स्त्रीला गर्भारपण जीवघेणे ठरू शकते. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे. शासकीय आरोग्य केंद्रांतून या तपासणीचा लाभ घेता येतो. त्याचप्रमाणे मातेचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर आवश्यक ते इंजेक्शन चुकता कामा नये, अन्यथा तिच्या स्वतःच्या पुढच्या बाळाला त्रास होतो.

प्रसूतीनंतर दांपत्य बाळ घेऊन निघून जाते. तिच्या छातीला मात्र दूध येते. तिच्या मनाचे काय? गावातील बायका विचारतात, ‘बाळ कुठे गेले?’ त्याचे उत्तर देण्याचा भार तिच्या एकटीवर टाकू नये. तिच्या पतीला, सासूला आणि मुलांना आधीच सारे समजावून सांगितलेले असावे. विमा ३६ महिन्यांचा आहे. जिव्हाळा त्याहून अधिक टिकावा.

बाळाचा हक्क

कायद्याच्या दृष्टीने हे मूल दांपत्याचे औरस अपत्य आहे. वारसाहक्कासह सारे अधिकार त्याला आहेत. बाळात व्यंग निघाले, मुलगी झाली, जुळे झाले किंवा दरम्यान पतिपत्नीत बेबनाव झाला, कोणत्याही कारणाने त्याचा त्याग करता येत नाही. जपानी बालिकेच्या प्रकरणातून घेतलेला हा धडा होय.

नोकरदार मातांच्या रजेचा प्रश्नही आता बराच सुटला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०१५ मध्ये, सरोगसीने माता झालेल्या महिलेला प्रसूती रजा नाकारणे अयोग्य ठरविले. २०१७ च्या कायदादुरुस्तीने अशा मातेला बाळ हाती आल्यापासून १२ आठवड्यांची रजा दिली. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या नियमांत जून २०२४ मध्ये बदल होऊन, दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असल्यास, गर्भधारक माता आणि पालक माता दोघींनाही १८० दिवसांची आणि पित्याला १५ दिवसांची रजा मिळाली. ही रजा म्हणजे बाळाला छातीशी धरून, उबेत ठेवून, त्याची ओळख करून घेण्याचा काळ आहे. पहिले चिकाचे दूध गर्भधारक मातेने आनंदाने दिले, तर ते बाळाच्या भाग्याचे. पण तीही तिच्या इच्छेची गोष्ट आहे.

मूल मोठे झाले की त्याला सत्य सांगावे काय, हा प्रश्न अनेकांना छळतो. दवाखान्यातील नोंदी कायद्यानुसार २५ वर्षे जपल्या जातात. खेड्यात तर गुपित पंचवीस दिवसही टिकत नाही. भांडणाच्या भरात कोणाच्या तरी तोंडून ते कानी पडण्यापेक्षा आईवडिलांच्या मांडीवर बसून ऐकणे केव्हाही बरे. कृष्णाला देवकी आणि यशोदा दोघीही ठाऊक होत्या. त्यामुळे त्याचे कोणतेच नाते उणे झाले नाही.

दुसरी वाट

या मार्गावर पाऊल टाकण्यापूर्वी पतिपत्नींनी दत्तकाचाही विचार शांतपणे करावा. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणामार्फत नोंदणी होते, आणि २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. प्रतीक्षा दीर्घ आहे. परंतु त्या वाटेवर कोणा भगिनीचा जीव धोक्यात घालावा लागत नाही. आपल्या परंपरेने दत्तकपुत्राला कुळात पूर्ण मान दिला आहे. पितृऋण रक्तानेच फिटते, असा आग्रह शास्त्रानेही धरलेला नाही.

तरीही ज्यांना सरोगसीचाच मार्ग योग्य वाटतो, त्यांनी संकोच न करता तो स्वीकारावा. कायद्याने दिलेला तो सन्मान्य मार्ग आहे. मात्र आरंभी पतिपत्नी दोघांची तपासणी करावी, प्रत्येक कागद रीतसर करावा, मध्यस्थाला दारातूनच परत पाठवावे आणि जी भगिनी आपली कूस देऊ करीत आहे तिच्या आरोग्याची काळजी स्वतःच्या लेकीप्रमाणे घ्यावी. आणि कुटुंबातील ज्येष्ठांनी एवढे करावे : अपत्य असो वा नसो, घरात आलेल्या सुनेचा मान तिच्या कुशीवरून मोजू नये. तिच्या माथी मारलेला ‘वांझ’ हा शब्द आपल्या घरांतून आणि गावांतून गेला, तर कित्येक दांपत्ये घाईने नव्हे, तर विचाराने निर्णय घेऊ शकतील.